कामठी ते सॉल्ट लेक

मुंबईहून कलकत्त्याला जाणारा जुना रेल्वेमार्ग नागपुरावरून जातो. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला आणि कलकत्त्यात १८९३ साली आयएफए शील्ड. देशातलं फुटबॉल ज्या दोन शहरांत वाढलं, त्यांना जोडणाऱ्या रुळांवर आम्ही नागपूरकर राहतो. आमच्या गावाचं नाव या खेळाच्या इतिहासात आलेलंही आहे. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ साली निघाली आणि तिचा फुटबॉल संघ बीएनआर या नावानं कलकत्ता लीगमध्ये कित्येक वर्षं खेळला. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तीन बड्यांशी तो झुंजायचा. राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये मात्र नागपूरचा क्लब कधीच दिसला नाही. १९९६-९७ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुंबईचे क्लब आले, पुण्याचे आले, त्यातले बरेच बंदही पडले. विदर्भातून कोणी आलं नाही.

आयुष्यभर शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर मनात होतं की लीगचा एक अख्खा हंगाम तिच्या मागोमाग फिरून पाहायचा. टीव्हीवर जे दिसत नाही ते डोळ्यांनी बघायचं. त्यासाठी २०२३-२४ चा हंगाम निवडला. त्या वर्षी पहिल्यांदाच खालच्या आय-लीगमधला विजेता, पंजाब एफसी, खेळाच्या बळावर सुपर लीगमध्ये चढला होता. तोवर या लीगमध्ये शिरायचा रस्ता पैशांचा होता. आता मैदानावरून जाणारा एक अरुंद जिना तयार झाला होता. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. या सामन्यांच्या गुणांवर जो पहिला येईल त्याला शील्ड, आणि पहिल्या सहांमध्ये बाद फेरी होऊन जो जिंकेल त्याला कप. एकाच हंगामात दोन मान, दोन वेगळ्या परीक्षा.

हंगाम सप्टेंबरात सुरू झाला, पण माझा हंगाम त्याआधीच, पावसाळ्यात, कामठीत सुरू झाला. नागपूरहून जबलपूर रोडनं कामठी फार लांब नाही. इंग्रजांनी १८२१ साली कन्हानच्या काठी छावणी वसवली, तिच्याभोवती हे गाव वाढलं. विणकर आले, विडी कामगार आले, फौजेतले लोक आले. गोऱ्या शिपायांनी खेळ आणला आणि गावानं तो ठेवून घेतला. आज कामठीत रब्बानी मैदानावर संध्याकाळी गेलात तर कुंपणाला टेकून उभी असलेली माणसं दिसतील. कोणी यंत्रमागावरून आलेला, कोणी दुकान पोराकडे सोपवून आलेला. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम आणि राहुल क्लब, रेल्वेचा एसईसीआर हे संघ वर्षानुवर्षं एकमेकांशी भिडतात, आणि कोणाचा कोणाशी जुना हिशेब बाकी आहे हे कुंपणाजवळच्या माणसांना तोंडपाठ असतं. चिखलात बूट रुततात, चेंडू पाण्यात थांबतो, तरी सामना थांबत नाही.

तिथं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. शाळेत असताना उजव्या बगलेवर खेळायचा. त्याच्या पायात जो वेग होता तो मी माझ्या सगळ्या नोकरीत फार थोड्या पोरांत पाहिला. अठराव्या वर्षी तो निवड चाचणीसाठी मुंबईला गेला होता. दोन दिवस लॉजमध्ये राहिला, तिसऱ्या दिवशी पैसे संपले आणि परत आला. आज त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, संध्याकाळी लहान पोरांना शिकवतो. मी लीग बघायला फिरणार आहे हे ऐकल्यावर म्हणाला, "सर, कलकत्त्याला जाल तेव्हा मला सांगा. सॉल्ट लेक स्टेडियम मी फक्त मोबाइलमध्येच बघितलंय."

डिसेंबरात विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. २० डिसेंबरला मुंबई सिटीचा सामना मोहन बागानशी होता. अंधेरीत, आझाद नगर मेट्रो स्टेशनजवळ, शहाजीराजे क्रीडा संकुलात मुंबई फुटबॉल अरीना आहे. सात-आठ हजारांचं छोटं स्टेडियम. कोटीच्या वर लोकसंख्येच्या शहराला हे फार तोकडं आहे असं मला वाटलं, पण आत गेल्यावर त्याचा गुण कळला. मैदान आणि प्रेक्षक यांच्यात अंतरच नाही. खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येतात. एका टोकाला वेस्ट कोस्ट ब्रिगेडची निळ्या शर्टातली पोरं ढोल घेऊन अख्खा वेळ उभी होती. त्यांच्यात मराठी कॉलेजकुमार होते, गुजराती मुली होत्या, माटुंग्याचे तमिळ होते. चाळिशीतले एक गृहस्थ लेकीला खांद्यावर घेऊन आले होते. ते पूर्वी कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे सामने बघायचे. २००५-०६ ची नॅशनल लीग महिंद्रानं जिंकली, राष्ट्रीय लीगचं विजेतेपद महाराष्ट्रात तेव्हा पहिल्यांदा आलं, आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. "आमचा क्लब गेला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं," असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मला कुठं अतिशयोक्ती दिसली नाही. क्लब ही मालकाची वस्तू असते तेव्हा असंच होतं. मालक उठून जातो आणि प्रेक्षक पोरका होतो. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरी आली होती, दोन-तीन वर्षांत तीही गेली.

सामना विलक्षण झाला. सुरुवातीलाच मुंबईच्या आकाश मिश्राला लाल कार्ड मिळालं, बागानच्या जेसन कमिंग्सनं गोल केला. दहा जणांनिशी मुंबईनं हाफ टाइमआधी ग्रेग स्ट्युअर्टच्या गोलनं बरोबरी साधली आणि दुसऱ्या सत्रात बिपिन सिंगनं विजयी गोल मारला. मुंबई २, बागान १. पण शेवटच्या शिट्टीपर्यंत आणि शिट्टीनंतरही भांडणं चालूच होती. दोन्ही संघांना मिळून सात लाल कार्डं दाखवली गेली. क्रीडाशिक्षक म्हणून मला ते आवडलं नाही. स्टँडमध्ये दहा-बारा वर्षांची पोरं होती आणि ती सगळं टिपत होती. या दोन संघांतलं भांडण इथं मिटणार नाही, एवढं मात्र त्या रात्री स्टेडियममधल्या प्रत्येकाला कळलं होतं.

मुंबईच्या त्या संघाचा कर्णधार राहुल भेके हा मुंबईचाच मराठी मुलगा. एअर इंडिया, मुंबई एफसी अशा संघांतून तो वर आला. २०१८-१९ च्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, त्याच्याच हेडरवर बंगळुरू जिंकली होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढं तोही लीगमध्ये आला. कोल्हापूरचं मला आश्चर्य वाटत नाही. तिथं पाटाकडील, खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, पेठेपेठेतली ईर्षा आहे. पोरगं जन्मतःच एखाद्या संघाचं असतं. कामठीतही तेच आहे, पण कामठीचं नाव मुंबईत मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

एप्रिलचे पहिले पंधरा दिवस मी कामठीत पुन्हा पुन्हा गेलो. ६ एप्रिलला मोहम्मडन स्पोर्टिंगनं शिलाँगला जाऊन आय-लीग जिंकली. रमजान चालू होता. इफ्तारनंतर चहाच्या टपरीवर एक वयस्कर विणकर भेटले. ते म्हणाले, "मास्टरजी, हमारे दादा कहते थे, मोहम्मडन ने पाँच साल लगातार लीग जीती थी. अब फिर ऊपर आ गए." १९३४ ते १९३८ या पाच वर्षांत मोहम्मडननं कलकत्ता लीग ओळीनं जिंकली होती. नव्वद वर्षांमागची गोष्ट आजोबांकडून नातवाकडे आली होती आणि नातू आता स्वतः आजोबा झाला होता. त्याच पंजाब एफसीच्या जिन्यानं मोहम्मडन पुढच्या हंगामात सुपर लीगमध्ये जाणार होती. टपरीवर त्या रात्री मिठाई वाटली गेली.

ईदनंतर, १५ एप्रिलला, शील्डचा निकाल लागणार होता. शेवटचा साखळी सामना सॉल्ट लेकवर: मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. मुंबई दोन गुणांनी पुढे होती, बरोबरी केली तरी शील्ड तिची. विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही वीस-पंचवीस जण मोबाइल एका लोखंडी पट्टीला टेकवून सामना बघत बसलो. बाहेर अजून झळा येत होत्या, आत वेल्डिंगचा वास होता. लिस्टन कोलासो हा गोव्याचा मुलगा बागानकडून खेळतो, त्यानं पहिला गोल केला. दुसरा कमिंग्सनं. अगदी शेवटी मुंबईच्या लालियानझुआला छांगतेनं एक परत केला, पण तेवढ्यानं भागलं नाही. बागान ४८, मुंबई ४७. बावीस सामन्यांचा हंगाम एका गुणानं फिरला. कलकत्त्यात साठ हजारांवर माणसं नाचत होती. वर्कशॉपमधल्या पोरांचं एकमत झालं नाही. निम्मी बागानची, निम्मी मुंबईची. नागपूरला स्वतःचा संघ नाही म्हणून आमची पोरं अशी वाटून घेतलेली आहेत.

१९ एप्रिलला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई घेऊन मी मडगावच्या गाडीत बसलो. नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोन वेळा विशेष गाडी सुटते. वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक करत ती कल्याणला येते आणि पनवेलहून कोकणात शिरते. आमच्याकडचं रखरखीत काळं रान बघून निघालेल्या माणसाला चिपळूणच्या पुढं गेल्यावर डोळ्यांना गारवा वाटतो. सह्याद्रीतले बोगदे, नद्यांवरचे उंच पूल, आंब्याच्या पेट्या घेऊन चढणारी माणसं. पेटीवाल्या एका काकांनी विचारलं, "फुटबॉल बघायला? नागपूरहून? मग आमच्याकडे भातकापणीनंतर यायला हवं होतं तुम्ही." गोव्याच्या सीमेवरच्या गावांत कापणी झाली की शेतातच गोलचे खांब उभे राहतात, गावागावांच्या स्पर्धा लागतात. फुटबॉल तिथं हंगामाबरोबर, पिकाबरोबर येतं.

राष्ट्रीय लीगच्या इतिहासात गोव्याचं जे स्थान आहे ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या तीन क्लबांनी नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून १९९८-९९ ते २०१२-१३ या काळात नऊ विजेतेपदं मिळवली. त्यांतली पाच एकट्या धेंपोची. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचा हा प्रदेश! त्याच्यामागं खाणमालकांचा पैसा होता हे खरं, पण पैशाच्या आधी चर्चची मैदानं होती, शाळा होत्या, आणि ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर होता, ज्याच्याकडे बघून पोरं हातमोजे घालायला शिकली. पुढं सुपर लीग आल्यावर हे क्लब मागं पडले. धेंपो आणि साळगावकर राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. हे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत दुखवून गेलं. जिथं मुळं खोल होती तिथंच वरून नवं रोप लावलं गेलं. एफसी गोवा हा संघ सुंदर खेळतो, लोकांनी त्याला आपलंही मानलं आहे. तरी मडगावच्या बाजारात रोस ऑम्लेट विकणारा गाडीवाला बोलता बोलता धेंपोवर आला की त्याचा आवाज बदलतो.

२४ एप्रिलला फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर उपांत्य फेरीचा पहिला सामना: गोवा आणि मुंबई. केशरी शर्टांनी स्टँड भरला होता. बोरिस सिंगनं गोल केला, दुसऱ्या सत्रात ब्रँडन फर्नांडिसनं दुसरा. ब्रँडन घरचा मुलगा, त्यामुळं त्या गोलवर जो आवाज उठला तो वेगळाच होता. नव्वद मिनिटं होत आली. माझ्या शेजारचं कुटुंब गर्दी टाळायला उठलं, आजीबाईंनी पिशवी आवरली. आणि मग लालियानझुआला छांगतेनं गोल केला. लगेच विक्रम प्रतापनं दुसरा. जादा मिनिटांत पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत ०-२ चं ३-२. जिन्यावर उभी राहिलेली माणसं तिथंच थांबली. आजीबाई पिशवी छातीशी धरून मैदानाकडे बघत होत्या. बाहेर पडताना कोणी शिवी दिली नाही, कोणी बाटली फेकली नाही. एक तरुण मला म्हणाला, "त्या मिझोच्या पोराला काय म्हणणार? चांगलाच आहे तो."

छांगते मिझोरममधल्या लुंगलेईचा. त्याचं नाव इथं लिहिताना मी थोडा थांबतो, कारण माझ्या सगळ्या विचाराचं मूळ तिथं आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. एकट्या नागपूर शहराची २४ लाख. त्या मिझोरममधल्या आयझॉल एफसीनं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू यांना मागं टाकून. प्रशिक्षक होता खालिद जमील, महिंद्राचा जुना खेळाडू, ज्यानं आधी कित्येक वर्षं मुंबई एफसी सांभाळली होती. २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. पण एका प्रशिक्षकानं हे घडवलं असं समजणं चूक ठरेल. २०१२ मध्ये मिझोरमनं स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली आणि झोनेट या तिथल्या केबल वाहिनीनं ती घरोघर दाखवली. गल्लीतलं पोर शनिवारी टीव्हीवर दिसू लागलं. क्लबाला थोडे पैसे मिळू लागले, खेळाडूला पगार. त्या पायरीवर उभं राहून आयझॉलनं वर हात टाकला. डोंगराळ, दूरचं, उद्योगधंदे नसलेलं राज्य हे करू शकलं.

२९ तारखेला मुंबईनं घरच्या मैदानावर गोव्याला २-० हरवलं आणि अंतिम सामना ठरला: ४ मे, सॉल्ट लेक, पुन्हा बागान. मी विद्यार्थ्याला फोन केला. तो वर्कशॉपला कुलूप लावून आला.

गीतांजली एक्स्प्रेसची तिकिटं मिळाली. ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, तेव्हा ती वर्गविरहित होती. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. मे महिन्याच्या संध्याकाळी नागपूर स्टेशनवर उभं राहणं ही तपश्चर्याच, पण गाडी हलली आणि वारा सुरू झाला. थोड्या वेळात कामठी आलं. गीतांजली तिथं थांबत नाही. विद्यार्थी दारात उभा होता. "सर, आपलं गाव," एवढंच म्हणाला. मग कन्हानचा पूल धडधडला.

गोंदिया, दुर्ग, रायपूर रात्रीत मागं गेले. समोरच्या बाकावर नागपुरात स्थायिक झालेलं एक बंगाली जोडपं होतं. धंतोलीत त्यांची तिसरी पिढी. वडील रेल्वेत होते. आजोबा ईस्ट बंगालचे, सासर मोहन बागानचं. मोठ्या सामन्याच्या दिवशी घरात कोळंबी शिजणार की हिलसा यावर वाद व्हायचा, असं त्या बाई हसत सांगत होत्या. बागान जिंकली की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकली की हिलसा. त्यांनी लुची-आलूर दम आमच्यापुढं केला, आम्ही डब्यातल्या दशम्या आणि ठेचा दिला. काकांनी १९११ ची गोष्ट सांगितली: आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं, अकरांतले दहा अनवाणी. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, पण बंगाली माणसाच्या तोंडून रात्री गाडीत ऐकताना ती काल घडल्यासारखी वाटली.

सकाळी उजाडल्यावर झारखंड. तांबडी माती, साल वृक्ष, मग टाटानगर. टाटा फुटबॉल अकादमी इथलीच, १९८७ मध्ये सुरू झालेली. भारतीय संघाला तिनं कितीतरी खेळाडू दिले. आता जमशेदपूरचा संघही सुपर लीगमध्ये आहे. विद्यार्थी खिडकीतून बराच वेळ बघत होता. मुंबईला चाचणीला जाण्याऐवजी या दिशेला गाडी पकडली असती तर, हा विचार त्याच्या मनात आला असणार. माझ्या तरी आला. पुढं खरगपूर, बीएनआरच्या जुन्या माणसांचं गाव, आणि दुपारी हावडा.

सामन्याच्या दिवशी हावड्याहून मेट्रो घेतली. मार्चमध्येच हा टप्पा सुरू झाला होता. गाडी हुगळीच्या खालून पाऊण मिनिटात पलीकडे जाते. त्या वेळी डबाभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एस्प्लनेड ते सियालदा हा मधला भाग तेव्हा जोडलेला नव्हता, तेवढं बसनं गेलो आणि सियालदाहून पुन्हा मेट्रो. सॉल्ट लेक स्टेडियम नावाचंच स्टेशन आहे. जिना उतरून खाली आलो तर सगळा रस्ता हिरव्या-मरून रंगाचा. म्हातारे, बाया, धोतर नेसलेले भटजी, रिक्षावाले. गालांवर रंग, हातात झेंडे, "जय मोहन बागान"चा घोष. माझा विद्यार्थी काही बोलत नव्हता. आत जाऊन त्यानं मैदान पाहिलं तेव्हा दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो तसाच उभा राहिला.

बासष्ट हजार माणसं. मी जामठ्याला क्रिकेटचे सामने पाहिले आहेत, तिथली गर्दीही मोठी असते, पण तिथं माणूस अधूनमधून खातो, गप्पा मारतो. इथं चेंडू डावीकडून उजवीकडे गेला की बासष्ट हजार मानांबरोबर आवाजही तिकडे सरकतो. हाफ टाइमच्या तोंडावर कमिंग्सनं गोल केला तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरलं हे मी शब्दशः लिहितो आहे. शील्ड त्यांची झालीच होती, आता कपही त्यांचाच असं स्टँडभर सगळ्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या सत्रात मुंबईनं सामना फिरवला. होर्हे पेरेरा डियाझनं बरोबरी केली. मग ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंग. हाच बिपिन, ज्यानं २०२१ मध्ये फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये, कोरोनाच्या काळात, याच बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मुंबईला पहिला कप दिला होता. जादा मिनिटांत याकुब वोयतुसनं तिसरा गोल केला. मुंबई ३, बागान १. दूर कोपऱ्यात निळ्या शर्टांचा एक लहानसा पुंजका उड्या मारत होता, बाकी अवाढव्य स्टेडियम गप्प. आमच्या शेजारच्या काकांनी चष्मा पुसला, विचारलं कुठून आलात, आणि मुंबईचं समजून अभिनंदन केलं. नागपूरचं सांगितल्यावर म्हणाले, "नागपूर? बीएनआर!"

राहुल भेकेनं कप उचलला. मिझोरमचा छांगते, मणिपूरचा बिपिन, सिक्कीमचा गोलकीपर फुर्बा लाचेनपा, पंजाबचा विक्रम आणि त्यांचा मराठी कर्णधार. या यादीत विदर्भाचं एक नाव असायला काय हरकत होती, हा प्रश्न परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी बराच वेळ चघळला.

पोरं नाहीत असं कोणी म्हणू नये. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्लम सॉकर उभी केली. तुटकी बादली पावसात लाथाडणारी पोरं त्यांना दिसली होती, त्यातून हे सुरू झालं. २०१६ चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला मिळाला. नागराज मंजुळेंनी २०२२ मध्ये त्यावर 'झुंड' हा चित्रपट काढला, अमिताभ बच्चन नागपुरात येऊन राहिले, सगळ्या देशानं ती पोरं पाहिली. परत आल्यावर मी संस्थेच्या बोखाऱ्याच्या मैदानावर जाऊन आलो. मुली आणि मुलं एकत्र खेळत होती. खेळ त्यांना व्यसनापासून, भांडणापासून दूर ठेवतो, शाळेत टिकवतो. संस्थेचं काम तेच आहे आणि ते तिनं चोख केलं आहे. पण त्यातलं एखादं पोर खरोखर असामान्य निघालं तर पुढं कुठं जाणार? त्याचं उत्तर देणं हे बारसे सरांचं काम नाही. ते संघटनेचं, सरकारचं, आणि पैसेवाल्या नागपूरकरांचं काम आहे.

क्रिकेटमध्ये विदर्भाची वेगळी संघटना आहे. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी स्पर्धेत स्वतःच्या नावानं खेळतो. साठ वर्षं हरत खेळला आणि मग २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५ असा तीनदा रणजी जिंकला. यवतमाळ, अकोला, चंद्रपूरच्या पोरांना माहीत असतं की नागपूरपर्यंत पोहोचलं की दार उघडतं. फुटबॉलमध्ये ते दार मुंबईत आहे. राज्याची संघटना मुंबईतली, चाचण्या तिथल्या, लॉजचं भाडं तिथलं. माझ्या विद्यार्थ्याच्या पायातला वेग तिसऱ्या दिवशीच्या भाड्यापाशी संपला. वेगळी संघटना हवीच असा माझा हट्ट नाही. पण विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची एक प्रादेशिक लीग, घरी आणि बाहेर अशा दोन फेऱ्यांची, निदान चार-पाच महिने चालणारी, नागपुरात सहज होऊ शकते. यशवंत स्टेडियम आहे, कामठीचं मैदान आहे, रेल्वेचं आहे. सामने मोबाइलवर दाखवायला आता वाहिनीचीही गरज उरलेली नाही. तिचा विजेता आय-लीगच्या तिसऱ्या पायरीसाठी उभा राहू शकेल. ती पायरी २०२३ पासून आहे.

वरच्या लीगवर विसंबून राहण्यात अर्थ नाही हे पुढच्याच वर्षी दिसलं. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार अडला आणि सुपर लीगचा हंगाम थांबवला गेला. मोठमोठ्या क्लबांनी सराव बंद केला, खेळाडूंचे पगार थांबले, वर्ष संपेपर्यंत लीग सुरू झाली नाही. कामठीत मात्र त्या पावसाळ्यात सामने झाले.

नागपूरच्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. जूनपासून पुढं जिल्हा लीगचे सामने होतात. बहुतेक सामन्यांना तिकीट नसतं. आपल्या पोराला घेऊन एका संध्याकाळी तिथं जा, कोणता तरी एक संघ आपला माना आणि पुढच्या सामन्यालाही जा.